आडनावाचा रकाना

रविवारी सकाळी पावणेअकराला डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अनफिट बारा थे ना? तुम्हारे रिपोर्ट में ग्यारह कैसे?"

मी नेहमीप्रमाणे आधी चिडले. माझ्या आकड्यांवर कोणी बोट ठेवलं की मला खपत नाही, हा माझा जुना दोष आहे.

"सर, रिपोर्ट कंप्यूटर ने बनाया है," मी म्हटलं. "आप तो उंगली पे गिनते हैं."

"उंगली पे ही गिनता हूँ," ते म्हणाले. "जिस आदमी को अनफिट लिखता हूँ, वो याद रहता है, मोळे." डॉक्टर केरळचे, साठी ओलांडलेले. तिकडे मुलीला म्हणतात तसं ते मला 'मोळे' म्हणायचे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मी जरा वरमले. म्हटलं, बघते.

आमचं काम असं होतं. ओमानमध्ये, बौशरमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा छोटा दवाखाना. कंपन्या आपले कामगार उन्हाळ्याआधी आमच्याकडे पाठवत. रक्तदाब, साखर, ईसीजी, वजन, डोळे असं सगळं तपासायचं आणि प्रत्येकाबद्दल एकच शब्द लिहून द्यायचा, फिट किंवा अनफिट. मे-जूनमध्ये वाळवंटातल्या साइटवर पन्नाशीला टेकलेलं ऊन असतं. दुपारी काम बंद ठेवतात हे खरं, पण सकाळ आणि संध्याकाळही काही थंड नसते. ज्याचं हृदय कच्चं त्याला तिथे पाठवायचं नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तपासणी डॉक्टर करत. त्यांचे कागद मी संगणकात घालत असे आणि 'आर' नावाच्या, आकडेमोडीसाठी बनवलेल्या भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममधून यादी काढत असे. त्या यादीवरून कंपनी साइटचे पास छापायची. पास हातात असला की गेट उघडतं. मध्ये दुसरं कोणी बघणारं नव्हतं.

ही तुकडी तीनशे अठरा जणांची होती. एका कारखान्याचं वार्षिक शटडाऊन होतं, म्हणजे सगळं बंद ठेवून करायची दुरुस्ती, आदम गावाच्याही पुढे, वाळवंटात. यादी मी गुरुवारी दुपारी पाठवली होती. शुक्रवार-शनिवार सुट्टी, मवालेहच्या मंडईतून आठवड्याची भाजी आणायची होती, लेकीचा सोमवारी पेपर होता, आणि मी घाईत होते. घाईत असताना मी एक गोष्ट पाहिली होती. पाहून सोडून दिली होती.

प्रोग्रॅम चालवल्यावर मी यादीची लांबी नेहमी तपासते. त्या दिवशी ती तीनशे सतरा आली होती. फाइलमध्ये तीनशे अठरा आणि यादीत तीनशे सतरा. मी मनाशी म्हटलं, फाइलची पहिली ओळ मथळ्याची असते, ती कुठेतरी मोजली गेली असेल. आणि पाठवण्याचं बटण दाबलं.

डॉक्टर टेबलाशी उभे असताना तो तीनशे सतराचा आकडा मला आठवला. मथळ्याची ओळ मी मोजतच नाही. गेली चार वर्षं मोजलेली नाही. हे मला गुरुवारीही ठाऊक होतं.

आता मला थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण ते स्वयंपाकघराइतकंच सोपं आहे. आरमध्ये 'नेम्ड लिस्ट' नावाचा प्रकार असतो. फळीवर डबे मांडलेत आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी आहे, असं समजा. 'रवा' म्हटलं की रव्याचा डबा पुढे येतो, कितवा होता ते लक्षात ठेवायला नको. मला हा प्रकार फार आवडायचा. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामगाराच्या नावाचा एक डबा होता आणि त्यात त्याचा निकाल. एकेक ओळ वाचायची, नाव घ्यायचं, त्या नावाच्या डब्यात निकाल टाकायचा. पण त्या नावाचा डबा फळीवर आधीच असला, तर आर तुम्हाला काही विचारत नाही. आतलं ओतून देते आणि नवं भरते. कसली तक्रार नाही, पडद्यावर लाल अक्षरं नाहीत. डबा एकच राहतो आणि तुम्हाला वाटतं सगळं जागच्या जागी आहे.

म्हणजे तीनशे अठरामधल्या दोघांचं नाव एकच होतं. पहिल्याचा निकाल दुसऱ्याने पुसला होता. आणि पास छापताना कंपनीने दोघांसाठी त्याच एका डब्यातला निकाल धरला होता.

खुर्ची ओढून मी बसले. डॉक्टर मागेच उभे. ज्या नावाची पुनरावृत्ती झाली ते शोधायला एक ओळ पुरते. ती लिहिताना माझी बोटं दोनदा चुकली. पडद्यावर एकच नाव आलं. मग मी मूळ फाइल उघडली आणि त्या नावाच्या दोन्ही ओळी शोधल्या. एक्केचाळिसावी ओळ, वय सेहेचाळीस, ईसीजीत दोष, अनफिट, हृदयरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय उन्हात काम नाही. दोनशे सहावी ओळ, वय एकोणतीस, सगळं ठीक, फिट.

"ये वाला," डॉक्टर एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले. "ये बारहवाँ." मग त्यांनी विचारलं, "बस कब निकली?"

तुकडीतल्या चाळीस जणांची पहिली बस साडेआठला निघाली होती, आणि तो तिच्यातच होता.

फाइलमधल्या त्या दोन ओळी तशा वेगळ्या होत्या. दोघांचं स्वतःचं नाव एक, वडिलांचं नाव एक, पण आडनावं निराळी. फाइलमध्ये आडनावाचा रकाना होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता. तो मी काढून टाकला होता. तिसऱ्याच ओळीत, माझ्या हाताने, मुद्दाम.

हे कुणाला सांगायला गेलं तर वेडेपणा वाटेल, पण ते मुद्दाम होतं. आम्ही बौद्ध. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला 'आडनाव काय?' हा प्रश्न कशासाठी असतो हे फार लवकर कळतं. नाव सांगितलं की लोक थांबतात, पुढचं ऐकायला. एकदा घर बदलताना बाबांच्या हातात किल्ली आली होती. मग मालकीणबाईंनी सहज विचारावं तसं आडनाव विचारलं, आणि त्याच सहजपणाने, भाचा राहायला येणार आहे असं म्हणून किल्ली परत घेतली. बाबा शिक्षक होते. रस्त्याने त्यांनी मला बेरजा घातल्या, तोंडी. मी बरोबर उत्तरं दिली आणि मला सगळं कळलं होतं.

नोकरीला लागल्यावर मी स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावायला लागले, पुढे काही नाही. ओमानला आल्यावर तर मला मोकळंच वाटलं. इथल्या लोकांच्या नावाच्या शेवटीही घराण्याचं नाव असतं, पण ते मला ओळखू येत नाही आणि माझं त्यांना. या एका गोष्टीचा आराम केवढा आहे, हे मी ज्यांना सांगू शकते त्यांना सांगायची गरज नसते. लेकीला मात्र ते पटत नाही. शाळेचा फॉर्म भरताना ती एकदा म्हणाली, "आई, आपला लास्ट नेम का हाइड करते तू? इट्स जस्ट अ नेम ना?" मी तिला म्हटलं, मोठी झालीस की सांगेन. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि मी अजून सांगितलेलं नाही.

या दवाखान्यात आले तेव्हा कामगारांना नंबराने हाका मारत. "दो सौ छह, इधर आओ." तेही माझ्या डोक्यात गेलं. मी भांडून नावं लावून घेतली. माणसाचा नंबर करायचा नाही, आणि आडनावही विचारायचं नाही. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बास. आपल्याकडच्या पासपोर्टात पहिल्या चौकटीत बहुतेकदा हेच दोन शब्द असतात आणि आडनावाची चौकट वेगळी. मी पहिली चौकट घेतली आणि दुसरी सोडून दिली. हे करताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते. चार वर्षं ते निभावलंही.

आता पावणेअकरा होऊन गेले होते आणि एक सेहेचाळीस वर्षांचा माणूस माझ्या त्या अभिमानापायी वाळवंटाकडे चालला होता.

मी तुकडीच्या सुपरवायझरला फोन लावला. तो बसमध्येच होता, बिहारकडचा, बोलायला गोड आणि फोन उचलायला महाग. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. कामगारांच्या कॅम्प ऑफिसला लावला. तिथल्या कारकुनाने सांगितलं की पासांचं पाकीट घेऊन पिकअप पुढे गेलीय, तिचा ड्रायव्हर कुणाचाच फोन घेत नाही, आणि बसने वाटेतलं इज्की सोडलंय.

"मॅडम, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "साइट पे पहुँचेगा तो देख लेंगे, इन्शाल्ला."

"साइट पे पहुँचना ही नहीं चाहिए," मी ओरडले. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला. त्याची लाज मला आजही वाटते.

आदम गेलं की पुढे फोन लागेनासा होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. साइटवर गेल्या गेल्या त्या तुकडीला टाकीच्या आतल्या कामावर घेणार होते. लोखंडाची बंद टाकी, बाहेर ते ऊन. डॉक्टर शांतपणे म्हणाले की या ईसीजीच्या माणसाला जिने चढायलाही मी परवानगी देणार नाही. एवढं बोलून ते माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसले. बाहेर तपासणीला आलेली माणसं ताटकळत होती. मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते आणि मधल्या वेळात घड्याळ बघत होते.

मध्येच माझी नजर पुन्हा त्या एक्केचाळिसाव्या ओळीवर गेली आणि या वेळी मी आडनाव वाचलं. वाचलं आणि ओळखलं. आमच्यातलं होतं. माझ्या मावशीच्या सासरचं तेच आडनाव आहे. दुसऱ्या ओळीतलं आडनाव असं होतं की ते ऐकून कोणी मान वळवणार नाही. मी पडद्यावरून नजर काढून पुन्हा फोन लावला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सुपरवायझरने उचलला.

"हाँ मॅडम, बोलो, पेट्रोल पंप पे हैं. यल्ला जल्दी बोलो, गाड़ी छूट रही है."

"एक आदमी को उतारना है. अभी के अभी. उसका हार्ट ठीक नहीं है, उसका पास गलती से बन गया."

"कौन?"

मी नाव सांगितलं. स्वतःचं आणि बापाचं, दोन शब्द, माझ्या यादीत होते तेवढेच. त्याच्या मोबाइलवरही माझीच यादी होती. फोन कानाशी तसाच ठेवून तो बसमध्ये चढला आणि त्याने मोठ्याने नाव पुकारलं.

मग थोडा वेळ नुसती एसीची घरघर ऐकू आली.

"मॅडम," तो म्हणाला, "दो आदमी खड़े हो गये."

मला हे कळायला हवं होतं. एका नावाचे दोघे आहेत म्हणूनच तर हा सगळा घोळ होता, आणि तरी मी तेच नाव सांगितलं होतं.

"उनको बोलो, हार्टवाला कौन है," मी म्हटलं.

त्याने विचारलं. मला पलीकडून मराठी शब्द ऐकू आले. एक तरुण आवाज घाईघाईने सांगत होता की माझं सगळं चांगलं आहे, डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही. दुसरा आवाज नव्हताच.

"मॅडम, एक बैठ गया," सुपरवायझर म्हणाला. "कुछ बोलता नहीं. दूसरा अभी खड़ा है. इसको उतार देता हूँ? बात खलास करते हैं?"

"नहीं! रुको!" बसलेला तोच असणार हे मला त्या क्षणी समजलं. ज्याला आपली भीती माहीत असते तोच गुपचूप खाली बसतो. उभा राहिलेला खरंच गोंधळला होता. पण मी इकडे बौशरमध्ये होते आणि माझ्या अंदाजावर एकाला उतरवायचं आणि दुसऱ्याला पाठवायचं, हे मला करायचं नव्हतं. अंदाजाने गुरुवारी एकदा झालं होतं.

"पूरा नाम बोलो ना मॅडम," तो वैतागून म्हणाला. "सरनेम बोलो."

मी सांगितलं. जरासुद्धा न थांबता, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. त्याने ते बसमध्ये दुप्पट आवाजात पुकारलं, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि पाठीमागून कुणीतरी तेच आडनाव हळू उच्चारलं, जसं एखादी माहिती पुढे द्यावी तसं. मग तिसऱ्या कुणीतरी. मला ते ऐकू आलं. खरं सांगते, त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त दाराचा आवाज हवा होता. दार उघडलं, पावलं वाजली, आणि सुपरवायझर म्हणाला, "उतर गया मॅडम. पंप पे बिठाया है. गाड़ी भेजो."

मी फोन ठेवला आणि रडले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि ते बाहेर ताटकळणाऱ्यांकडे गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सगळं सांगितलं. आडनावाचा रकाना मीच काढला होता, गुरुवारी मला एक कमी दिसला होता आणि तरी मी यादी पाठवली होती. का काढला होता ते नाही सांगितलं. ते म्हणाले, "लिख के दो. और मोळे, आदमी ज़िंदा है, पहले ये देखो." मी लेखी दिलं. त्या कागदावर सही करताना मी पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं, कारण फॉर्मवर तशी चौकट होती आणि त्या दिवशी ती रिकामी ठेवायचा मला धीर झाला नाही.

त्या माणसाला संध्याकाळी आणलं, तपासलं आणि थेट हॉस्पिटलला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. डॉक्टर मला म्हणाले की त्या टाकीतून तो चालत बाहेर आला नसता. हे त्यांनी माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं. मला समाधान झालंही. मी वाचवलं असं मात्र मला वाटू शकलं नाही, कारण पाठवणारीही मीच होते.

मंगळवारी दुपारी मी त्या माणसाला भेटायला हॉस्पिटलात गेले. कुणी सांगितलं नव्हतं. जावंसं वाटलं, आणि जायची भीतीही वाटत होती. सोबत डाळिंबं आणि नारळाचं पाणी घेतलं. खिडकीजवळच्या खाटेवर ते टेकून बसले होते, किरकोळ अंगाचे, दाढी वाढलेली, हाताला सुई लावलेली. मी मराठीत बोलले तसे ते सावरून बसले. बोलण्यावरून मराठवाड्याकडचे.

"बसा की मॅडम," ते म्हणाले. "यादी करता त्या तुमीच का?"

"हो. माझी चूक झाली. तुमचा पास निघायला नको होता. मी माफी मागायला आलेय."

"माफी कशाची. डॉक्टर म्हणले का वाचला तू." ते सुईकडे बघत राहिले. "मला आधी वाटलं, दुसऱ्यांदा बघून पास केलं असंल. मंग गाडीत नाव घेतलं तवा कळलं की चुकून झालंय. म्हणून गप बसलो. अनफिट म्हणलं की घरी धाडतेत. आता धाडणारच हायेत."

मी कंपनीशी बोलेन, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी मान हलवली, मोठ्या माणसाने लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. मी डाळिंबं टेबलावर मांडली, पुन्हा पिशवीत भरली.

"एक बोलू का, राग नका धरू," ते म्हणाले.

"बोला ना."

"आमच्या खोलीत बारा जण. समदे आमच्याच भागातले. तीन वर्सं झाली, शुक्रवारचा सैपाक माझ्याकडं. माझ्या हातचं कालवण म्हणलं की दुसऱ्या खोलीतली पोरं बी येतेत. मी तिथं आडनाव सांगितलं नव्हतं. नाव आन बापाचं नाव, तेवढंच. कुनी इचारलं तर हसून सोडून द्यायचो." त्यांचा आवाज अजिबात वाढला नाही. "परवा गाडीत तुमी ते पुकारलं. दोनदा. चाळीस माणसांत. काल त्यातला एक जण सामान न्यायला आदमला आल्ता, तिथनं त्याचा फोन आला, तब्येत कशी म्हणून. चांगला पोरगा हाय. बोलता बोलता म्हणला, काका, आधी सांगायचं व्हतं ना तुमी. दुसरं काही न्हाई म्हणला. पर मला समजलं."

माझ्या पडद्यावर त्यांचं वय होतं, त्यांचा नंबरही होता. त्याच ओळीत, आडनावाच्या शेजारी. बसमधल्या प्रत्येकाच्या टोपीवर आपापला नंबर रंगवलेला असतो. तो सांगितला असता तरी तेच उतरले असते, आणि चाळीस जणांना एक आकडा ऐकू आला असता. हे मला तिथे, त्या खाटेशी बसल्यावर सुचलं.

"मी दुसरं काही सांगू शकले असते," मी म्हटलं. "मला सुचलं नाही. घाबरले होते."

"असू द्या. तुमच्यासारख्या माणसांना ते ध्यानात येत न्हाई. तुमचा काय दोष."

तेवढ्यावर उठता आलं असतं. नर्स येत होती, भेटायची वेळ संपत होती, आणि त्यांनी मला मोठ्या मनाने मोकळं केलं होतं. पण ते 'तुमच्यासारख्या माणसांना' मला गिळवेना. मी कोण आहे असं त्यांना वाटत होतं ते मला दिसत होतं, आणि तसं वाटावं म्हणून मी आयुष्यभर काय काय केलं होतं तेही.

मी त्यांना माझं आडनाव सांगितलं. मग गाव सांगितलं, आणि मावशीच्या सासरचं आडनाव सांगितलं, जे त्यांचंच होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांचा चेहरा एकदम उजळला, आपलं माणूस भेटल्यावर उजळतो तसा, आणि मग ते काहीतरी आठवत गेले आणि तो उजेड हळूहळू गेला.

"मंग ताई," ते म्हणाले, "तुमाला तर ठाऊक व्हतं की."